फुगा दिसतो, फुटण्याची तारीख का दिसत नाही?

या भागासाठी अनेक श्रोत्यांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न कळवला होता. शेअर, जमिनी, सोनं यांचे भाव जेव्हा भलतेच चढतात, तेव्हा हा फुगा आहे आणि तो आता फुटणार, असं आधी सांगता येतं का? प्रश्न अर्थशास्त्राचा, आणि बोलायला बसलो आहोत आम्ही तत्त्वज्ञानवाले. पण 'सांगता येतं का' हे तीन शब्द आले की आमचा धंदा सुरू होतो. एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमकं काय कळतं, कशावरून कळतं, आणि कळल्यावर ती गोष्ट तशीच राहते का, हे आमच्याकडचे जुनेच प्रश्न आहेत.

आधी शब्दाचं बघू. वर्तमानपत्रांत कुणी बुडबुडा लिहितं, कुणी फुगा. आपण फुगा म्हणू. बुडबुडा आपोआप होतो, फुगा कुणीतरी फुगवावा लागतो. व्याख्या साधी आहे. घराला भाडं येतं, शेअरला लाभांश मिळतो. पुढे मिळणाऱ्या या सगळ्या उत्पन्नाचं आजच्या हिशेबाने जे मोल होईल, ते त्या वस्तूचं अंगचं मोल. भाव या मोलाच्या फार वर गेला, आणि लोक ती वस्तू उत्पन्नासाठी न घेता 'उद्या कुणीतरी जास्त भाव देईल' एवढ्याच भरवशावर घेऊ लागले, की झाला फुगा. ही व्याख्या कागदावर ठीक आहे. पण पुढचं उत्पन्न आज कुणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे अंगचं मोल हाही एक अंदाजच असतो. ही अडचण मनात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

उदाहरणासाठी हॉलंडच्या ट्युलिपपर्यंत जायची गरज नाही. १६३७ च्या फेब्रुवारीत तिथे कंदांचे भाव कोसळले हे खरं, पण सगळा देश भिकेला लागला वगैरे कथांना कागदपत्रांचा आधार फारसा नाही, असं अलीकडच्या इतिहासकारांनी दाखवून दिलंय. आपल्याकडे त्याहून मोठं आणि त्याहून चांगलं नोंदलेलं उदाहरण आहे, ते मुंबईचं. साल १८६१ ते १८६५.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर वळली पश्चिम हिंदुस्थानकडे. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला कापूस मुंबई बंदरातून जायचा. भाव काही पटींनी चढले. लोकांनी गाद्याउशा उसवून त्यातला कापूस विकला, असंही सांगितलं जातं. या पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे मुंबईला मिळाले, असा त्या काळचा हिशेब आहे. आता एवढा पैसा एका शहरात आला की तो नुसता बसून राहत नाही. तो काहीतरी शोधतो. मुंबईत त्याने शोधल्या कंपन्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका होत्या, वित्तपुरवठा करणाऱ्या १६ संस्था होत्या, शिवाय समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या, कापूस दाबायच्या प्रेसा, विमा कंपन्या, जहाज कंपन्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काही नव्हतं.

या सगळ्यांची राणी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला उथळ समुद्र भरायचा, आणि ती जमीन रेल्वेला आणि शहराला द्यायची, अशी योजना. पाच हजार भरलेला तिचा शेअर तेजीत पन्नास हजारांवर गेला. आता लक्षात घ्या, यामागची कल्पना मूर्खपणाची अजिबात नव्हती. मुंबईत जमीन कमी आहे आणि पुढे ती सोन्याच्या मोलाची होणार, हा त्यांचा तर्क होता. आज मरीन ड्राइव्हवर उभं राहून त्या तर्काला कोण चूक म्हणेल? त्यांची कल्पना बरोबर होती, भाव चुकीचा होता. (समुद्र भरायचं ते काम पुढे १९२० च्या दशकात सरकारने पुन्हा हाती घेतलं, त्याचेही वाभाडे बॅरिस्टर नरिमन यांनी काढले, आणि त्याच भरावाच्या टोकाला आज त्यांचं नाव आहे. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

प्रत्येक फुग्याला असा एक सिद्धांत लागतो, आणि तो सिद्धांत निम्मा तरी खरा असावा लागतो. साफ खोट्यावर माणसं एवढा पैसा लावत नाहीत. १९९२ मध्ये हर्षद मेहताच्या तेजीतही सिद्धांत होताच. जुन्या कंपनीचं मोल तिच्या नफ्यावरून काढू नका, तशीच कंपनी आज नव्याने उभारायला किती खर्च येईल त्यावरून काढा. ऐकायला पटतं की नाही? सेन्सेक्सने १५ जानेवारी १९९२ ला २,००० चा आकडा ओलांडला, आणि ३० मार्चला ४,००० चा. अडीच महिने!

आता मुंबईकडे परत. १८६४ मध्ये अमेरिकेतलं युद्ध कायमचं चालेल असं कुणाला वाटत होतं? कुणालाच नाही. युद्ध संपलं की कापूस उतरणार, कापूस उतरला की पैसा आटणार, आणि पैसा आटला की समुद्रात बुडालेल्या जमिनीला पन्नास हजार कोण देणार, हे गणित शेअर दलालाच्या मुनिमालाही कळत होतं. ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आले. बातमी मुंबईत पोचली आणि भाव गडगडले. वायद्याचे प्रचंड सौदे १ जुलै १८६५ या तारखेचे झालेले होते. त्या दिवशी माल घ्यायचा आणि पैसे द्यायचे. तो दिवस उजाडला तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर तेजीत २,८५० पर्यंत गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला.

म्हणजे बघा, 'आधी सांगता येतं का' हा एक प्रश्न नाहीच. हा फुगा आहे का, हा एक. तो फुटेल का, हा दुसरा. कधी फुटेल, हा तिसरा. आणि फुटल्यावर कुणाच्या अंगावर येईल, हा चौथा. आपण हे चारही एकाच पिशवीत घालतो, आणि तिसऱ्याचं उत्तर मिळत नाही म्हणून चौघांनाही अज्ञेय ठरवून मोकळे होतो. आजचं म्हणणं एवढंच आहे की ही पिशवी सोडायला हवी.

पहिल्या दोन प्रश्नांवर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद आहे, आणि तो मजेशीर आहे. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून दिलं. त्यातले एक युजीन फामा, एक रॉबर्ट शिलर. फामांचं म्हणणं असं की बाजारभावात उपलब्ध माहिती मिसळलेलीच असते, आणि फुगा या शब्दाला अर्थ तेव्हाच, जेव्हा तो फुटणार हे तुम्ही आधी, भरवशाने सांगू शकाल. घसरण झाल्यावर 'फुगा होता' म्हणणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर ढग ओळखणं. शिलरांचं म्हणणं असं की भाव उत्पन्नाच्या मानाने फार वर गेले की पुढच्या दहा वर्षांतला परतावा सरासरीने कमी निघतो, हे आकड्यांत दिसतं, आणि माणसं एकमेकांच्या गोष्टी ऐकून भाव चढवतात हेही दिसतं. एकाच वर्षी, एकाच मंचावर, दोघांनाही पारितोषिक! लोकांना हसू आलं. पण नीट बघितलं तर दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. शिलर दशकाबद्दल बोलतात, फामा तारखेबद्दल.

फामांच्या आव्हानाला ग्रीनवुड, श्लायफर आणि यू या तीन संशोधकांनी आकड्यांनीच उत्तर दिलं. १९२० च्या दशकापासूनचा अमेरिकी शेअरबाजार त्यांनी चाळला. दोन वर्षांत ज्यांचे भाव दुप्पट किंवा त्याहून जास्त झाले असे उद्योग काढले, तेव्हा अशी ४० प्रकरणं सापडली. त्यांतली २१ पुढच्या दोन वर्षांत ४० टक्के किंवा जास्त कोसळली. उरलेली १९ कोसळली नाहीत. आता याला काय म्हणाल? नुसत्या चढलेल्या भावावरून पुढचा सरासरी परतावा वाईटच असेल असं म्हणता येत नाही, इथे फामा बरोबर. पण कोसळण्याचा संभव मात्र खूप वाढतो, आणि भाव जितका जास्त चढलेला तितका तो वाढतो. रस्त्यावर तेल सांडलंय हे कळतं, कुठली गाडी घसरणार ते कळत नाही.

मग तारखेचं काय? आमच्या मते आजचा सगळ्यात खोल मुद्दा हाच आहे. ग्रहण कधी लागणार ते पंचांगकर्ता मिनिटासह सांगतो, कारण सूर्य-चंद्र पंचांग वाचत नाहीत. बाजार वाचतो! भाकीत बोललं की ते बाजारातलीच एक घटना होतं. समजा, १ जुलैला भाव कोसळणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. मग ३० जूनला कोण घेणार? कुणी नाही. म्हणजे भाव ३० जूनलाच कोसळणार. ते कळलं की २९ ला. असं मागे मागे येत आपण आजवर पोचतो. तर्कशास्त्रात 'अचानक घेतल्या जाणाऱ्या परीक्षेचं' एक प्रसिद्ध कोडं आहे, त्याचंच हे भावंडं. ज्याच्या फुटण्याची तारीख सर्वांना माहीत आहे असा फुगा तर्काच्या नियमानेच टिकू शकत नाही. उलट करून म्हटलं तर, जो फुगा टिकून आहे त्याची तारीख सर्वज्ञात नसणारच. पुरेशी माहिती नाही, संगणक छोटा आहे, म्हणून तारीख कळत नाही असं नाही. तारीख न कळणं हा त्या वस्तूचाच गुणधर्म आहे.

इथे एखादा चौकस श्रोता म्हणेल, पण १ जुलै तर सगळ्यांना ठाऊक होता! बरोबर आहे. हिशेबाचा दिवस ठाऊक होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की त्याआधी आपण दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळे होऊ. 'मला माहीत आहे' आणि 'तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, आणि मला ते माहीत आहे हे तुलाही माहीत आहे' यांत फार अंतर आहे. वर्नन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रयोगशाळेत एक बाजार भरवला. एक कागद, त्याला १५ फेऱ्या, प्रत्येक फेरीत सरासरी २४ सेंट लाभांश, आणि शेवटी कागद निरर्थक. म्हणजे सुरुवातीचं मोल ३ डॉलर ६० सेंट, मग फेरीगणिक २४ सेंटने कमी. हे सगळं खेळणाऱ्यांना आधीच सांगितलेलं. तरी भाव मोलाच्या वर चढले आणि शेवटाकडे कोसळले. अंगचं मोल कळत नाही म्हणून फुगे येतात, ही समजूत तिथे ढासळली. मोल कळत होतं, समोरच्याचं डोकं कळत नव्हतं. केन्सने १९३६ मध्येच हे सौंदर्यस्पर्धेच्या उपमेने सांगितलं होतं. कोण सुंदर हे ओळखायचं नसतं, बहुतेकांना कोण सुंदर वाटेल ते ओळखायचं असतं, आणि तेही बहुतेकांना बहुतेकांबद्दल काय वाटेल ते.

स्मिथच्या प्रयोगातला पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. तीच माणसं दुसऱ्यांदा खेळायला बसवली की फुगा लहान होतो, आणि तिसऱ्यांदा तो जवळजवळ येतच नाही. पण खऱ्या बाजारात तीच माणसं तिसऱ्यांदा बसत नाहीत. नवी येतात.

तारखेच्या नादी लागलेल्याचं काय होतं त्यासाठी ॲलन ग्रीनस्पॅन यांचं उदाहरण घ्या. ५ डिसेंबर १९९६ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या या अध्यक्षांनी बाजाराच्या अविवेकी उत्साहाकडे भाषणात बोट दाखवलं. नॅसडॅक तेव्हा १,३०० च्या आसपास होता. त्यानंतर तो सव्वातीन वर्षं चढतच राहिला, मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेला. इशारा ऐकून बाहेर पडलेला माणूस तोवर नातेवाइकांत चेष्टेचा विषय झाला असेल. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच निर्देशांक १,११४ वर होता, म्हणजे इशाऱ्याच्या दिवसापेक्षाही खाली. ग्रीनस्पॅन बरोबर होते की चूक? दिशेबद्दल बरोबर, आणि त्यावर पैसे लावण्याच्या दृष्टीने निरुपयोगी.

आता चौथा प्रश्न. इथे आपल्या नैयायिकांची मदत घेऊ. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं, हे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. उलट अनुमान मात्र चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर केव्हा येतो? इंधन ओलं असेल तेव्हा. ही जी लपलेली अट, तिला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. आपण चढलेल्या भावावरून विनाशाचं अनुमान करतो, तेव्हा अग्नीवरून धुराचं अनुमान करत असतो. ते कधी खरं ठरतं, कधी ठरत नाही. आपल्या प्रकरणातलं ओलं लाकूड म्हणजे कर्ज.

नॅसडॅक तीन चतुर्थांशाहून जास्त पडला, पण अमेरिकेतली २००१ ची मंदी सौम्य होती आणि आठ महिन्यांत संपली. तिथले शेअर बरेचसे लोकांच्या स्वतःच्या पैशाचे होते. पुढे घरांच्या किमती त्या मानाने कितीतरी कमी टक्क्यांनी उतरल्या आणि २००८ मध्ये सगळं जग हादरलं, कारण ती घरं कर्जावर उभी होती आणि त्या कर्जांवर आणखी कर्जं. हे दोनच दाखले नाहीत. जॉर्डा, शुलारिक आणि टेलर यांनी १७ देशांचा १८७० पासूनचा इतिहास तपासला, तोही हेच सांगतो. कर्जावर फुगलेला फुगा फुटला की अर्थव्यवस्था दीर्घकाळ मान टाकते, नुसता फुगलेला फुटला तर त्या मानाने लवकर सावरते. हर्षद मेहताच्या तेजीतला पैसाही बँकांचाच होता. आणि कर्ज ही भविष्यातली गोष्ट नाही हो. ती आज खातेवहीत लिहिलेली असते. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाच्या तारणावर दिलं, हे बघायला ज्योतिषी लागत नाही.

मुंबईत ही खातेवही कुणाकडे होती? बँक ऑफ बॉम्बेकडे. ही साधी बँक नव्हती, तिच्यात सरकारचे शेअर होते आणि संचालक मंडळावर सरकारने नेमलेली माणसं होती. तिने कशावर कर्ज द्यावं यावर पूर्वी कडक बंधनं होती. १८६३ च्या कायद्याने ती सैल झाली, आणि बँक शेअरच्या तारणावर कर्जं देऊ लागली. म्हणजे बघा, शेअर तारण ठेवायचा, कर्ज घ्यायचं, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, त्यामुळे भाव चढणार, भाव चढला की तारणाचं मोल वाढणार, आणि मग आणखी कर्ज. ली केव्हा शरण येणार हे मुंबईत कुणाला कळणं शक्य नव्हतं. पण शेअर पडले तर तारणही त्याच क्षणी पडणार, हे १८६३ मध्ये, पहिलं कर्ज देतानाच कळत होतं. १८६८ मध्ये बँक बुडाली, चौकशी आयोग बसला, आणि आयोगाने त्या सैल झालेल्या कायद्यावरही बोट ठेवलं.

२००८ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रज्ञांना विचारलं होतं की हे येताना कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही. प्रत्येक कोसळण्यानंतर जबाबदार माणसं म्हणतात, 'हे कुणालाच सांगता आलं नसतं.' या वाक्यात तिसऱ्या प्रश्नाचं खरं अज्ञान चौथ्या प्रश्नाच्या खोट्या अज्ञानावर पांघरूण म्हणून घातलेलं असतं. यावर आम्ही चिडतो, आणि चिडायलाच हवं, कारण ते पांघरूण फार महाग पडतं, आणि ज्यांनी कधी शेअर पाहिलाही नाही त्यांना पडतं.

१८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं मोजली गेली. १८७२ मध्ये ६,४४,४०५. तेजीच्या काळात कामाला आलेली माणसं काम संपल्यावर निघून गेली. प्रेमचंद रायचंद या तेजीचे नायक. त्यांचंही दिवाळं निघालं, पण तेजीतच त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, १८७८ मध्ये पुरा झाला, आणि स्वतः ते १९०६ पर्यंत जगले. निघून गेलेल्या पावणेदोन लाखांचं असं कुठे काही नाही. घाटावर काय झालं? कापूस चढा असताना सावकाराने शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिलं. पुढे भाव उतरले, पण सारावाढ झाली, ती चढ्या भावांचे आकडे धरून. दुष्काळ, कोर्टकचेऱ्या, अशी इतर कारणंही होती, सगळं खापर एका कापसावर फोडता येणार नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाचे कागद, खतं काढून जाळली. लोण पुणे-नगर भागात पसरलं. दंगलीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, त्याच्या अहवालात अमेरिकेतल्या युद्धामुळे आलेल्या कापूसतेजीची नोंद आहे. त्या शेतकऱ्यांनी खातेवही वाचली नव्हती, पण ती कुठे असते ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आणि सरकारने काय केलं? बुडालेल्या बँकेच्या जागी १८६८ मध्येच नवी बँक ऑफ बॉम्बे उभी केली. १८७६ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही इलाखा बँकांसाठी एकच कायदा आला. कर्ज कशावर द्यायचं आणि किती मुदतीचं द्यायचं, यावर त्याने पुन्हा बंधनं घातली. या तीन बँकांचीच १९२१ मध्ये इंपीरियल बँक झाली, आणि १९५५ मध्ये तिची स्टेट बँक. पुढचा कापूस कधी चढेल आणि कधी उतरेल, याबद्दल त्या कायद्यात एक शब्द नाही.